जर्मनीत एमएस्सी केमिस्ट्री: पहिल्या सेमिस्टरसाठी पुण्यातून काय तयारी करून जावी?

टीवायची_केमिस्ट:

पुण्यातून बीएस्सी केमिस्ट्री झालं. ऑक्टोबरच्या विंटर सेमिस्टरला जर्मनीत एमएस्सीला प्रवेश मिळालाय, कोर्स इंग्रजीतून आहे. एपीएस (आपल्या पदवीची पडताळणी), ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), व्हिसा, हॉस्टेलची खोली, सगळं मार्गी लागलंय. बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन ए२ पर्यंत केलं आहे.

यूट्यूबवर सगळे विमानतळाचे आणि बर्फाचे व्हिडिओ. लॅबबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून इथे विचारते:

लॅब कोट आणि गॉगल इथून न्यावा का? तिथली प्रॅक्टिकल्स किती वेगळी असतात? खरं सांगायचं तर आमच्याकडे जर्नल म्हणजे मागच्या बॅचचं उतरवून काढणं. परीक्षा कशी असते? पहिल्या महिन्यात हातात किती पैसे हवेत? आणि आईने २३ किलोच्या बॅगेत साजूक तूप, पेढे आणि पाच लिटरचा कुकर आत्ताच भरून ठेवलाय, त्याचं काय करू?

रिफ्लक्स:

लॅबचं सांगतो, बाकीचं इतर लोक सांगतीलच.

कोट. अप्पा बळवंत चौकात किंवा कॉलेजसमोर जो पांढरा कोट मिळतो तो बहुतेक वेळा टेरीकॉटचा असतो. तो नेऊ नका. आग लागली की सिंथेटिक धागा वितळून कातडीला चिकटतो, म्हणून तिथे १०० टक्के सुतीच लागतो. लेबलवर विसंबू नका. आतल्या शिवणीतून कापडाचा एक दोरा उपसा आणि चिमट्यात धरून पेटवा. सुती दोरा कागदासारखा जळून त्याची भुरभुरीत राख होते. टेरीकॉटचा दोरा आकसतो आणि टोकाला कडक काळी गोळी उरते. शिवून घेणार असाल तर जाड कॉटन ड्रिल, पूर्ण बाही, लांबी गुडघ्यापर्यंत, आणि काजं-बटणांऐवजी टिचबटणं लावा. अंगावर काही सांडलं तर एका हिसक्यात कोट उतरला पाहिजे. दोन शिवा, कारण एक कायम धुण्यात असतो.

गॉगल तिथेच घ्या. त्यावर ईएन १६६ सारखा युरोपीय सुरक्षा-मानकाचा आकडा कोरलेला असावा लागतो आणि विद्यार्थी संघटना, म्हणजे फाखशाफ्ट, बऱ्याच ठिकाणी ते स्वस्तात विकते. चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा घ्या. रोजचा चष्मा म्हणजे सेफ्टी गॉगल नव्हे, हे वाक्य पहिल्याच दिवशी ऐकवतात. कॉन्टॅक्ट लेन्स लॅबमध्ये बहुतेक ठिकाणी चालत नाहीत.

आता मोठा फरक. आपल्याकडे प्रॅक्टिकलला जाऊन फळ्यावरची प्रोसिजर उतरवली की काम सुरू. तिथे बाटलीला हात लावण्याआधी कागद तयार लागतो: प्रत्येक रसायनाचं नाव, घ्यायचं वजन ग्रॅममध्ये आणि मिलिमोलमध्ये, धोक्याची चिन्हं, एच (धोका) आणि पी (खबरदारी) क्रमांक, अंगावर उडालं तर काय करायचं, आणि उरलेलं कुठल्या कॅनमध्ये जाणार. प्रॅक्टिकल घेणारा असिस्टंट तो कागद बघतो आणि उभ्याउभ्या पाच-दहा मिनिटं प्रश्न विचारतो. डायक्लोरोमिथेनला एच३५१ लिहिलंय, म्हणजे काय? कर्करोगाचा संशय. मग हे हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच, का करायचं? इथे अडखळलात तर सही मिळत नाही आणि सही नसेल तर त्या दिवशी प्रयोग नाही. सेमिस्टरच्या सुरुवातीचं सुरक्षा व्याख्यान चुकवलं तर प्रॅक्टिकलमधली जागाच जाते, त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी त्याची तारीख विद्यापीठाच्या साइटवर पाहून घ्या.

टाकाऊ रसायनांचं प्रकरण पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त चुकतं. सिंकमध्ये जवळपास काहीच ओतायचं नसतं. हॅलोजनवाले सॉल्व्हंट, म्हणजे डायक्लोरोमिथेन आणि क्लोरोफॉर्म, एका कॅनमध्ये. बिनहॅलोजनचे, म्हणजे ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट, हेक्झेन, दुसऱ्यात. मिश्रणात थोडंसं जरी डायक्लोरोमिथेन असेल तरी सगळं हॅलोजनच्या कॅनमध्ये. आम्लयुक्त आणि अल्कलीयुक्त पाणी वेगवेगळं, वापरलेलं सिलिका जेल घन कचऱ्यात. नायट्रिक ॲसिड सॉल्व्हंटच्या कॅनमध्ये गेलं तर आत वायू तयार होत राहतो आणि बंद कॅन फुगून फुटतो. क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोन एकत्र आले आणि त्यात जरासा अल्कली गेला तरी मिश्रण भडकू शकतं. काचेची भांडी ॲसिटोनने खंगाळायची आपली सवय इथे नडते: आधी आत काय होतं ते आठवा, मग ॲसिटोन घ्या.

नायट्राइलचे निळे हातमोजे घातले म्हणजे हात सुरक्षित, हाही गैरसमज. डायक्लोरोमिथेन त्यातून एक-दोन मिनिटांत आरपार जातं, ॲसिटोनलाही फार वेळ लागत नाही. थेंब पडला की हातमोजा लगेच काढून टाकायचा. आणि हातमोजे घालून दाराची मूठ, कीबोर्ड, मोबाइल यांना हात लावायचा नाही. असिस्टंट लोक एक वेळ कमी यील्ड (हाती आलेलं उत्पादन) माफ करतात, हे नाही.

आणखी एक बारीक गोष्ट: आपल्याकडे काचसामानाचे जॉइंट, म्हणजे एकमेकांत बसणारी तोंडं, १४, १९, २४ नंबरचे असतात. तिथे १४ आणि २९ चालतात. त्यामुळे सवयीने काढलेला कंडेन्सर फ्लास्कवर डुगडुगला तर फ्लास्क खराब नाही, नंबर बघा.

डेक्कन_ते_डार्मश्टाट:

जर्नलबद्दल विचारलंय म्हणून. तिथे त्याला प्रोटोकोल म्हणतात आणि गुण त्याच्यावर ठरतात. मागच्या बॅचचे प्रोटोकोल तिथेही हातोहात फिरतात, पण असिस्टंटकडे मागच्या वर्षांचे सगळे जमा असतात. उतरवलेलं सापडलं तर ती फसवणूक धरतात आणि नुसता प्रयोग नव्हे, पूर्ण प्रॅक्टिकल बाद होऊ शकतं. जुना प्रोटोकोल रचना बघायला वापरा, आकडे आणि चर्चा तुमची.

लॅबची वही बांधीव, लिहायचं पेननेच. चुकलं तर एक आडवी रेघ, खाली वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर आणि फाडलेलं पान चालत नाही.

बीएस्सीला आपण सहसा एरर ॲनालिसिस (मोजमापातल्या त्रुटीचा हिशेब) एका तासात उरकतो. तिथे त्रुटीशिवाय लिहिलेलं उत्तर परत येतं. साधं उदाहरण: द्रवाचं वजन १२.४७ ग्रॅम, तराजूची त्रुटी ०.०१. आकारमान १० मिलिलिटरच्या ए वर्गाच्या पिपेटने मोजलं, तिची त्रुटी ०.०२ मिलिलिटर. घनता आली १.२४७. सापेक्ष त्रुटी वजनात ०.०००८ आणि आकारमानात ०.००२. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा: ०.००२२ च्या आसपास. त्याला १.२४७ ने गुणलं की ०.००३. म्हणून उत्तर १.२४७ ± ०.००३ ग्रॅम प्रति मिलिलिटर. कॅल्क्युलेटरवर दिसतात म्हणून सहा दशांश स्थळं लिहिली की लाल पेन आलंच. आणि या हिशेबातून दिसतं काय, तर तराजू आणखी बारीक घेऊन उपयोग नाही, चूक पिपेटमधून येतेय. चर्चेत नेमकं हेच वाक्य त्यांना हवं असतं.

दशांश चिन्हाचा घोळ वेगळाच. जर्मन पद्धतीत दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. लॅबच्या कॉम्प्युटरवरचं एक्सेल जर्मन सेटिंगवर असेल तर तुमचं १.२४७ ते बाराशे सत्तेचाळीस समजतं, आणि ३.५ टाइप केलं तर त्याची ३ मे तारीख करून टाकतं. यंत्रातून आलेली डेटा फाइल उघडण्याआधी सेटिंग तपासा. हाताने लिहिलेले आकडेही जपून वाचा: त्यांच्या एकला वर लांब शेंडी असते, तो आपल्याला इंग्रजी सातसारखा दिसतो. त्यांच्या सातला मधोमध आडवी रेघ असते.

वेळापत्रकात तासापुढे सी.टी. लिहिलं असेल तर तास पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो. म्हणजे १० सी.टी. म्हणजे सव्वादहा. एस.टी. असेल तर दहाच्या ठोक्याला. एस.टी. म्हणजे लाल डबा नव्हे, ही उशिरा येत नाही.

परीक्षेचं मुख्य म्हणजे नाव नोंदवणं. फॉर्म कॉलेज भरून घेईल असं नसतं. पोर्टलवर प्रत्येक विषयाची नोंदणी आपणच करायची, तीही परीक्षेच्या काही आठवडे आधी बंद होते. नोंदणी नसेल तर अभ्यास कितीही असो, बसता येत नाही. आणि नोंदणी करून, मुदतीत रद्द न करता गैरहजर राहिलात तर सरळ ५.०, म्हणजे नापास. आजारी असाल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट त्याच दिवसाचं लागतं. १.० सगळ्यात चांगला, ४.० ला पास. पास व्हायला सहसा निम्मे गुण लागतात, आपल्यासारखे चाळीस टक्के नाही. तीन प्रयत्न मिळतात. गाइड आणि ट्वेंटी-वन सेट वगैरे काही नसतं, जुन्या प्रश्नपत्रिका फाखशाफ्टकडे मागायच्या.

आपले गुण त्यांच्या पद्धतीत बदलायचं सूत्र: १ + ३ × (कमाल − मिळालेले) ÷ (कमाल − पास होण्याचे किमान). दहापैकी ८.२ सीजीपीए आणि पासला ४ धरले तर १ + ३ × १.८ ÷ ६ = १.९. हे चांगलं आहे, १.९ बघून घरच्यांनी दचकायचं कारण नाही.

रिफ्लक्स:

एक दुरुस्ती. तीन प्रयत्न सगळीकडे नसतात. किती मिळतात ते त्या कोर्सच्या परीक्षा-नियमावलीत लिहिलेलं असतं, विद्यापीठागणिक बदलतं. नियमावलीची पीडीएफ जर्मनमध्ये असली तरी भाषांतर करून आधी वाचा, कारण शेवटचा प्रयत्नही गेला तर नाव कमी होतंच, शिवाय तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही घेता येत नाही. आणि व्हिसा त्या प्रवेशावर उभा असतो. तयारी नसेल तर मुदतीत नोंदणी रद्द करून पुढच्या वेळी बसावं, यात कमीपणा नाही.

कागदपत्र_काका:

पैशाचं सांगतो. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरलेस, पण ते महिन्याला ९९२ असे सुटतात, तेही तू तिथे जाऊन चालू खातं उघडल्यावर. खात्याला बऱ्याचदा पत्त्याची नोंदणी लागते, नोंदणीला घरमालकाची किंवा हॉस्टेलची सही असलेला फॉर्म लागतो. ही साखळी पूर्ण व्हायला तीन-चार आठवडे सहज जातात. तोवर फॉरेक्स कार्डावर निदान दीड हजार युरो हवेत, कारण पहिलं भाडं आणि डिपॉझिट दोन्ही आधी जातात. खासगी घराचं डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं, त्यामुळे हॉस्टेलऐवजी खासगी खोली असेल तर हा आकडा वाढव.

क्रम असा ठेव: राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, मग बँक, मग विद्यापीठात नाव पक्कं, मग लगेच रेसिडेन्स परमिटची अपॉइंटमेंट. व्हिसा काही महिन्यांचाच असतो आणि अपॉइंटमेंटा लवकर मिळत नाहीत. नोंदणीची अपॉइंटमेंट पुण्यात बसूनच ऑनलाइन घेऊन टाक.

पोस्टाच्या पेटीवर आणि बेलवर आडनाव चिकटव. हसण्यावारी नेऊ नकोस. बँकेचा पिन, टॅक्स नंबर, विम्याचं कार्ड सगळं पोस्टाने येतं आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. तिथे फ्लॅट नंबर लिहायची पद्धत नाही, नावावरच सगळं चालतं.

नावावरून आठवलं. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. तिथे सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिही, एका ठिकाणी वडिलांचं नाव आणि एका ठिकाणी नाही असं करू नकोस. तफावत मोठी असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र इथून करून ने.

महिन्याचा खर्च: भाडं शहरावर, म्युनिकचा आकडा लाइपझिगला लावू नकोस. आरोग्य विमा दीडशेच्या आसपास. रेडिओ-टीव्हीची फी १८.३६ युरो दर घरामागे, टीव्ही नसला तरी. शेअरिंगचा फ्लॅट असेल तर एकानेच भरायची आणि वाटून घ्यायची. दर सेमिस्टरला विद्यापीठाची फी साधारण १०० ते ४०० युरो, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचा पास येतो.

टीवायची_केमिस्ट:

खूप खूप आभार! विम्यावरून विचारते: एजंट म्हणतो खासगी विमा घ्या, महिन्याला चाळीस युरोत होतो. आणि पार्ट टाइम कामाचे तास किती?

कागदपत्र_काका:

एजंटला कमिशन मिळतं, तुला कटकट. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी पद्धतीचा विमा विद्यार्थी दराने मिळतो. त्यातून सूट घेऊन खासगीत गेलीस तर शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही. स्वस्त पॉलिसीत आधीपासूनचे आजार आणि बरेच उपचार नसतात, ते दात दुखल्यावर कळतं. सरकारी विमा सेमिस्टरपासून लागू होतो, म्हणून आधी पोहोचत असशील तर मधल्या दिवसांपुरता प्रवास विमा घे.

कामाचं: वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. विद्यापीठातच असिस्टंट म्हणून केलेलं काम, ज्याला तिथे हीवी म्हणतात, यात मोजत नाहीत. मात्र लेक्चर चालू असताना आठवड्याला वीस तासांवर काम गेलं तर विम्यातलं विद्यार्थीपण जाऊ शकतं. केमिस्ट्रीवाल्यांना प्रॅक्टिकलच्या आठवड्यांत तसाही वेळ मिळत नाही. पहिल्या सेमिस्टरला कमाईवर हिशेब बसवू नकोस.

पोळीभाजी_ग्रुप:

आईंची बॅग उघडा. युरोपाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत. तूप, पेढे, आंबा बर्फी, खव्याचं काहीही, विमानतळावर काढून घेतात. ताजा कढीपत्ता आणि हापूसही सर्टिफिकेटशिवाय नाही. बाकरवडी, मेतकूट, गोडा मसाला, चटण्या, पोहे, कोकम खुशाल न्या. तूप तिथे करता येतं: मीठ नसलेलं लोणी कुठल्याही सुपरमार्केटात २५० ग्रॅमच्या वडीत मिळतं, मंद आचेवर कढवलं की झालं.

रोजची औषधं तीन महिन्यांच्या गरजेपुरती, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट.

कुकर ॲल्युमिनियमचा असेल तर इंडक्शनवर तापणारच नाही. हॉस्टेलच्या शेगड्या कधी साध्या काचेच्या, कधी इंडक्शनच्या. तुळशीबागेत स्टीलचा घेताना फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात न्या आणि बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर चालेल, नुसतं सरकलं तर ठेवा परत. एकटीला तीन लिटर पुष्कळ, पाच लिटर म्हणजे नुसतं वजन. जादा गॅस्केट आणि शिट्टीचा व्हॉल्व्ह दोन-दोन न्या, ते तिथे हुडकणं अवघड.

वीज तिथेही २३० व्होल्ट, त्यामुळे कन्व्हर्टर नको. आपली तीन गोल पिनांची प्लग बसत नाही, ॲडॅप्टर लागतो. एक ॲडॅप्टर आणि त्याला आपलं चार पॉइंटचं एक्स्टेन्शन, काम भागतं.

फोडणीचा धूर हे खरं संकट. खिडकी उघडायची, स्वयंपाकघराचं दार मात्र बंद ठेवायचं. दार उघडलं की धूर पॅसेजमधल्या डिटेक्टरकडे जातो, अख्खी इमारत खाली उतरते आणि अग्निशमन दलाच्या फेरीचं बिल येऊ शकतं.

पीठ: ४०५ नंबर म्हणजे मैदा. पोळीला १०५० नंबर आणि बारीक दळलेलं गव्हाचं फोलकोर्न (कोंड्यासकट पीठ) निम्मंनिम्मं मिसळा, पाणी थोडं जास्त, अर्धा तास झाकून ठेवा. रविवारी दुकानं बंद, शनिवारी संध्याकाळपर्यंत आणून ठेवा.

डेक्कन_ते_डार्मश्टाट:

राहिलंच. तिसऱ्या सेमिस्टरपर्यंत एखाद्या संशोधन गटात काही आठवड्यांचं पूर्णवेळ प्रॅक्टिकल करावं लागतं, आणि जागा कोणी वाटून देत नाही. दोन-तीन महिने आधी प्राध्यापकाला मेल. ‘रिस्पेक्टेड सर’ नको, ‘डिअर प्रोफेसर’ आणि आडनाव. सहा-सात ओळी: कुठला कोर्स, कुठल्या तारखांना, त्यांच्या कुठल्या कामात रस आणि का, कुठली तंत्रं हातखंडा येतात. सोबत एक पानी सीव्ही आणि मार्कशीट. एकच मजकूर वीस जणांना पाठवलेला लगेच ओळखू येतो.

घरी फोन करताना: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत पुणे साडेचार तास पुढे, उरलेलं वर्ष साडेतीन. लॅबमधून संध्याकाळी सहाला सुटाल तेव्हा हिवाळ्यात इथे साडेदहा वाजलेले असतात, आईला आधीच सांगून ठेवा.

टीवायची_केमिस्ट:

दोरा जाळून बघितला. काळी गोळी. कोट लहान भावाला दिला, तो एफवायला आहे. उद्या लक्ष्मी रोडला ड्रिलचं कापड बघते.

रिफ्लक्स:

भावालाही बर्नरपाशी तो घालू देऊ नका. आणि कापड शिंप्याकडे टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्या, जाड कॉटन आटतं. तिथल्या मशीनमध्ये ६० अंशांवर दोनदा धुतलं की न भिजवलेल्या कोटाच्या बाह्या मनगटाच्या वर जातात, आणि मनगट उघडं असेल तर असिस्टंट आत घेत नाही.